एकसारखीं झाडें

आमच्या घरांत ‘एकसारखें’ हा शब्द स्तुतीचा आहे. उन्हाळ्यांत पापड लाटावयास सगळ्या बायका बसल्या म्हणजे आई पापडांची चवड लावून कडा जुळतात कीं नाहीं तें पाहत असे, आणि जुळल्या म्हणजे “एकसारखे झाले हो,” एवढेंच म्हणे. त्यापेक्षां मोठें प्रशस्तिपत्र आमच्याकडे कोणास मिळाल्याचें मला आठवत नाहीं. चातुर्मासांतल्या वाती, गौरीपुढचे लाडू, माझें शाळेंतलें अक्षर, सर्वांस हेंच माप. अशा घरांत वाढलेल्या माणसानें १९९६ सालीं एका कंपनीच्या माहितीपत्रकांत सागाच्या रांगांचें चित्र पाहिलें, एका उंचीच्या, एका जाडीच्या, जणूं एकाच साच्यांतून काढलेल्या, तर तो भुलला नसता तरच नवल.

जमीन आमची आर्वीच्या बाजूस. त्यांतली दीड एकर काळी जमीन मीं या कामीं योजिली. पैसे मात्र माझे नव्हते. दादांच्या, म्हणजे माझ्या वडील बंधूंच्या, विम्याची मुदत भरून जी रक्कम हातीं आली होती ती त्यांनीं वाड्याच्या छपराकरितां बाजूस काढून ठेविली होती. “वीस-पंचवीस वर्षें थांबूं. छपर आपल्याच सागाचें होईल आणि वर चार पैसे उरतील,” असा हिशेब मीं कागदावर मांडून दाखविला. दादांनीं हिशेब तपासला नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, “बीं कोठल्या झाडाचें?”

मला हंसूं आलें. बीं नव्हतेंच मुळीं! एका उत्तम सागाच्या कोंबाचे बारीक तुकडे काचेच्या बरणींत, औषधी खिरीवर वाढवून त्यांचींच रोपें केलेलीं होतीं. ऊतिसंवर्धन म्हणतात तें हें. बीं म्हटलें कीं आईचा गुण किती आणि बापाचा किती हा घोळ आलाच. येथें तो घोळच नाहीं. सहाशें रोपें म्हणजे एकाच झाडाचे सहाशें अवतार. हें सर्व मीं दादांना मोठ्या प्रौढीनें समजावून सांगितलें, आणि ते “बरें” म्हणाले.

पहिलीं दहा-पंधरा वर्षें मी पाहुण्यांना शेतावर नेत असें. रांगेच्या एका टोकाशीं उभें राहिलें कीं दुसरें टोक दोरी लावल्यासारखें सरळ दिसे. कांहीं गोष्टी खटकत, पण त्या मीं मनावर घेतल्या नाहींत. भाद्रपदाच्या सुमारास सागाच्या पानांवर एक बारीक अळी पडते. ती पानाचा गर खाऊन शिरांची जाळी तेवढी मागें ठेवते. आमच्या बांधावर आजोबांच्या वेळचे बारा जुने साग होते. त्यांपैकीं कांहींची जाळी होई, कांहींची अर्धवट, आणि विहिरीजवळचा एक तर दरवर्षीं हिरवा राही. माझ्या सहाशें सागांची जाळी एकाच आठवड्यांत होई. फुलें एकाच वेळीं येत, पण फळें कमी धरत. जीं धरत त्यांतून रोप म्हणून उगवत नसे. “जंगली सवय सुटली असेल,” असें मीं गड्यास सांगितल्याचें आठवतें. मनुष्य स्वतःची समजूत कशानेंहि घालूं शकतो!

२०१३ च्या पावसाळ्यांत विदर्भांत पावसानें कहर केला. आमच्या शेतांत कित्येक दिवस पाणी साचून राहिलें. सागास मुळाशीं साचलेलें पाणी मानवत नाहीं. त्यांतल्या त्यांत कोणा झाडास थोडें सोसतें, कोणास मुळींच नाहीं. माझ्या मूळ झाडास मुळींच सोसत नव्हतें. आणि एकास सोसत नव्हतें म्हणजे सहाशांसहि सोसत नव्हतें. पुढच्या उन्हाळ्यांत शेंडे वाळूं लागले. दोन वर्षांत एक्केचाळीस झाडें उरलीं, तीं केवळ उंचवट्यावर होतीं म्हणून. बांधावरच्या बारांपैकीं तीन गेलीं, नऊ राहिलीं. माती तीच, पाणी तेंच.

दादा कांहीं बोलले नाहींत. बोलले असते तर बरें झालें असतें. २०१६ सालीं वाड्यावर पत्रे घातले. तेव्हांपासून दर पावसाळ्यांत पहिली सर आली कीं त्या पत्र्यांचा जो आवाज होतो तो ऐकतांना दादा पोथींतून मान वर करीत नाहींत, आणि मी उगाच उठून खिडक्या लावूं लागतों.

दादांची मुलगी मुक्ता वनस्पतिशास्त्र शिकली, आणि आतां झाडांच्या आनुवंशिक वैविध्यावर पुण्यास संशोधन करते. २०२५ च्या जानेवारींत तिचा हेमलकशाहून फोन आला. “काका, मी येथें महिनाभर आहें. पणजोबांच्या सागांचें माहेर येथून साठेक किलोमीटरवर आहे. येऊन बघा तरी.”

माहेर म्हणण्याचें कारण असें. आमचे आजोबा १९३७ च्या सुमारास आलापल्लीस एका जंगल-ठेकेदाराकडे कारकून होते. तीन वर्षांनीं हिंवतापानें जर्जर होऊन परत आले तेव्हां बरोबर एक वळकटी, एक पितळी डबा आणि सागाच्या फळांची एक पिशवी एवढेंच होतें. तीं फळें त्यांनीं बांधावर लाविलीं. १९६१ सालीं वांटण्या झाल्या तेव्हां बांधाचा एक तुकडा चुलत्यांकडे गेला; बारा साग आमच्याकडे, नऊ त्यांच्याकडे. त्या नऊ झाडांवरून पुढें जी भाऊबंदकी झाली ती सांगण्यासारखी नाहीं. प्रत्येक कुळांत अशी एक असतेच, वाचकांनीं आपापली आठवावी.

नागपूर सोडून चंद्रपूर, बल्लारपूर, आष्टी करीत आम्ही आलापल्लीस पोंचलों. बल्लारपूरच्या लांकडाच्या आगारांतून २०२३ च्या मार्चमध्यें अयोध्येच्या मंदिराकरितां सागवान वाजतगाजत गेलें, तें या भागाचें लांकूड. आलापल्लीच्या पुढें रस्त्यालगत सहा हेक्टरांचा एक तुकडा राखून ठेवलेला आहे. ‘आलापल्लीचें वनवैभव’ असें त्याचें नांव. १९५३ पासून त्यास कुऱ्हाड लागलेली नाहीं, आणि २०१४ सालीं सरकारनें त्यास जैविक वारसास्थळ म्हणून घोषित केलें. महाराष्ट्रांतील असें तें पहिलें. मी आंत शिरलों आणि प्रथम माझी निराशाच झाली. रांग नाहीं, ओळ नाहीं! एक साग सरळसोट वर गेलेला, शेजारचा बुंध्याशींच पीळ घेतलेला, तिसऱ्याची साल पातळ, चौथ्याची जाड खवल्यांची. मध्येंच ऐन, मध्येंच बांबू, वेलींचा गुंता. माझ्या डोळ्यांस तें जंगल नव्हे, अव्यवस्था दिसली. आजोबांनीं आपली पिशवी कोणत्या झाडाखालीं भरली असेल, हें मनांत येऊन मी बराच वेळ वर बघत उभा राहिलों, इतकें मात्र खरें.

तेथून हेमलकशापर्यंत रस्ता जंगलांतूनच जातो. बाबा आमट्यांनीं १९७३ च्या डिसेंबरांत येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्यानें आपलें आयुष्य येथें घातलें, हें मराठी घरांत नव्यानें सांगावयास नको. पुढें थोड्याच अंतरावर भामरागड, जेथें इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या तीन नद्या मिळतात. पलीकडे छत्तीसगड, आणि दक्षिणेस सिरोंच्याकडे सरकावें तशी भाषा तेलुगु होत जाते. मुक्ता आम्हांस घ्यावयास आली तेव्हां तिच्या खांद्याला एक झोळी होती, आणि झोळींत कागदी पाकिटें. प्रत्येक पाकिटांत पानाचा एक तुकडा आणि ओल शोषून घेणारे बारीक खडे.

“हीं कशाचीं पानें?”

“ऐनाचीं.”

“सगळीं?”

“सगळीं ऐनाचीं, काका. म्हणजे, निदान आज तरी सगळ्यांना आपण ऐन म्हणतों.”

ऐन न पाहिलेला वैदर्भीय विरळा. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली काळपट साल, पानाच्या मागल्या बाजूस देठाजवळ बारीक ग्रंथि, आणि पांच पंखांचें फळ. कोणी त्यास साजड म्हणतात, कोणी सादडा, हिंदीत साजा. गोंड समाजाचा मोठा देव पेर्सापेन याचें स्थान या झाडांत मानतात. नदीकांठीं जो गोऱ्या, गुळगुळीत सालीचा अर्जुन असतो तो याचाच भाऊबंद. म्हणून मराठींत त्यास अर्जुनसादडा असेंहि नांव आहे. तेलुगु मंडळींनीं तर दोघांस एकच आडनांव देऊन टाकलें आहे: ऐन तो नल्लमद्दि, म्हणजे काळा मद्दि, आणि अर्जुन तो तेल्लमद्दि, पांढरा मद्दि. फळाच्या पंखांवरच्या रेघा पाहाव्या. ऐनाच्या आडव्या सरळ कडेपर्यंत जातात, अर्जुनाच्या वर वळतात. इतकें माझ्यासारख्यासहि दुसऱ्या दिवशीं ओळखतां येऊं लागलें, आणि मला थोडा अभिमान वाटला.

तो मुक्तेनें फार वेळ टिकूं दिला नाहीं. ऐन तरी एक आहे कोठें, असें तिचें म्हणणें. रॉक्सबर्ग साहेबांच्या वेळेपासून शास्त्रज्ञ यावर भांडत आले आहेत. पानावर दाट लव असलेला तो टोमेन्टोझा, चिवट चामड्यासारख्या पानांचा तो कोरियाशिया, आणखी एक अलाटा, आणखी एक क्रेन्युलाटा. पार्किन्सन नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९३० नंतरच्या दशकांत या झाडांची नव्यानें छाननी करून त्यांस निरनिराळ्या जातींत वांटून दिलें. पुढें दुसऱ्यांनीं त्या वांटण्या मोडून बहुतेकांस पुन्हां एलिप्टिका या एकाच नांवाखालीं आणलें. आमच्या बांधाचा इतिहास याहून निराळा नाहीं. फक्त येथें कोर्टाचा खर्च नसावा.

“मग खरें कोणाचें?” मीं विचारलें.

“पानावरची लव पाहून तें ठरत नाहीं. उन्हांत वाढलेल्या आणि सावलींत वाढलेल्या एकाच झाडाच्या पानांतहि फरक असतो. प्रश्न निराळा विचारावा लागतो. दोन प्रकारचीं झाडें एकाच टेकडीवर शेजारीं शेजारीं उभीं आहेत, एकाच्या फुलावरची माशी दुसऱ्याच्या फुलावर जाते. तरीसुद्धां त्यांचें आनुवंशिक द्रव्य पिढ्यान् पिढ्या मिसळलेंच नाहीं, असें दिसलें तर?”

तर त्या दोन जाति. दिसावयास एक, पण आंतून कधींच वेगळ्या झालेल्या. अशांना प्रच्छन्न जाति म्हणतात. आणि उलट, दिसावयास दोन असूनहि द्रव्य सरमिसळ झालेलें आढळलें, तर तीं एकाच घरचीं भावंडें. म्हणून मुक्ता पानाचे तुकडे गोळा करते. प्रत्येक तुकड्यांतील डीएनएचीं अक्षरें वाचावयाचीं, आणि कोणाचीं कोणाशीं किती जुळतात तें मांडावयाचें. शेजारच्याच दोन झाडांचीं पानें घेऊन उपयोग नाहीं, कारण तीं आईलेंकरें असावयाचीं. म्हणून बरेंच अंतर सोडून दुसरें झाड. दिवसभर तिच्यामागें चालून माझे पाय भरून आले.

हें विलगीकरण होतें कसें? कधीं मध्यें नदी किंवा पठार येतें आणि पराग पलीकडे पोंचत नाहीं. कधीं एका गटाचीं फुलें पंधरा दिवस आधीं उमलूं लागतात आणि लग्नाचा मुहूर्तच चुकतो. वनस्पतींत आणखी एक अजब प्रकार आहे: गुणसूत्रांची संख्याच एकदम दुप्पट-चौपट होते आणि जुन्या नातलगांशीं जमेनासें होतें. माझा भाचा कॅनडांत असतो, जेथील निशाणावर १९६५ पासून मेपलचें पान आहे. त्या मेपलांविषयीं मुक्तेनें सांगितलें तें ऐकून मला गंमत वाटली. पाकाकरितां प्रसिद्ध असलेल्या साखरी मेपलांत २६ गुणसूत्रें. लाल मेपलांत कोठें ७८ तर कोठें १०४! आणि साखरी मेपल व काळा मेपल या दोन जाति कीं एकच, हा वाद तिकडेहि मिटलेला नाहीं. भाच्यानें शरद ऋतूंत लाल पानांचीं चित्रें पाठविलीं कीं आम्हीं ‘मेपल’ म्हणून एकाच शब्दांत त्यांची बोळवण करीत होतों. झाडांचेंच कशाला, आफ्रिकेंतला हत्ती आपण शाळेंत एक म्हणून शिकलों. माळरानावरचा आणि घनदाट वनांतला अशा त्याच्या दोन जाति आहेत हें आनुवंशिक द्रव्यावरून ठरलें, आणि २०२१ पासून संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादींत त्यांची नोंद वेगवेगळी होते.

‘जाति’ हा शब्द या शास्त्रानें घेतला, तो मला बरा वाटत नाहीं. शास्त्राप्रमाणें जे जवळ राहूनहि मिसळूं शकत नाहींत ते भिन्न जातीचे. या व्याख्येनें सारें मनुष्यमात्र एकच जात ठरतें. आपल्या समाजांत जें न मिसळणें आहे तें निसर्गानें घातलेलें नव्हे, आम्हीं घातलेलें. पण मी झाडांविषयीं लिहावयास बसलों आहें. असो.

तिसऱ्या दिवशीं आमच्याबरोबर एक वृद्ध माडिया गृहस्थ होते. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना थोडी समजे. त्यांचा नातू मधें बोले. एका ऐनापाशीं ते थांबले. बुंध्यास छातीइतक्या उंचीवर एक फुगवटा होता. त्यावर त्यांनीं तळहात ठेविला आणि नातवास कांहीं सांगितलें. “ह्यांत पाणी आहे,” नातू म्हणाला. शेजारीं चार हातांवर तितकाच थोर दुसरा ऐन होता. “त्यांत?” “त्यांत नाहीं.” कांहीं ऐन उन्हाळ्याकरितां खोडांत पाणी सांठवितात, हें मीं वाचलें होतें. आदल्याच वर्षीं, २०२४ च्या मार्चमध्यें, गोदावरीच्या खालच्या अंगास आंध्रांतील पापिकोंडा वनांत तेथील कोंडारेड्डी लोकांनीं सांगितल्यावरून वनाधिकाऱ्यांनीं एका नल्लमद्दीची साल छेदली, तेव्हां पाण्याची धार उडाल्याचें चित्र सर्वत्र फिरलें होतें. आमच्या वृद्ध मित्रांना तें दाखविलें असतें तर त्यांना त्यांत छापण्यासारखें काय, असेंच वाटलें असतें. छेद घेऊन दाखवा, असें म्हणावेंसें मला वाटलें. पण त्यांचा झाडावरचा हात पाहून मीं म्हटलें नाहीं.

परततांना ते एकेका मोहाच्या झाडाकडे बोट दाखवीत होते. हा लवकर फुलतो, ह्याचीं फुलें गोड पण लहान, तो आळशी, एक वर्षाआड देतो. मला सगळे मोह सारखे. त्यांना सागहि तसेच दिसत असावे, म्हणजे वेगवेगळे.

ऐनाचें आणखी एक नातें येथें सांगितलें पाहिजे, कारण तें स्त्रियांच्या आवडीचें आहे. टसरचा किडा ऐनाच्या आणि अर्जुनाच्या पानांवर वाढतो. आरमोरीकडे आणि भंडारा जिल्ह्यांत ढिवर कुटुंबें हा व्यवसाय पिढ्यान् पिढ्या करीत आलीं आहेत. पुस्तकांत त्या पतंगाचें नांव एक. पण प्रांतोप्रांतीच्या जंगलांत त्याच्या चव्वेचाळीस परिजाति मोजलेल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीस ‘भंडारा’ असेंच नांव आहे. शेजारच्या बस्तरांतली ‘रैली’ सालवृक्षावर रमते आणि माणसाच्या हाताखालीं नीट नांदत नाहीं. आपण दुकानांत टसरचें लुगडें एक म्हणून घेतों. त्याचा किडा किती घरचा, याची चौकशी कोणी करीत नाहीं.

रात्रीं अंगणांत शेकोटीपाशीं मीं मुक्तेस माझ्या सहाशें सागांची हकीकत प्रथमच सबंध सांगितली. ती घरांतलीच असून तिला ती अर्धवटच ठाऊक होती. आमच्या घरांत अपयशाची गोष्ट कोणी पूर्ण सांगत नाहीं. फळें कां धरलीं नाहींत, हें तिनें ऐकतांच सांगितलें.

“साग सगोत्र विवाह करीत नाहीं, काका.”

सागाचें फूल एकच दिवस उमलतें. मधमाश्या व इतर माश्या पराग इकडून तिकडे नेतात. एका तुऱ्यांत हजारों फुलें असलीं तरी फळें थोड्यांचींच होतात, कारण स्वतःचा पराग झाड बहुधा स्वीकारीत नाहीं. त्यास परक्या घरचा लागतो. माझ्या दीड एकरांत परकें कोणीच नव्हतें. सहाशें खोडें होतीं, पण झाड एकच. तें आपल्या स्वतःच्याच फुलांकडे सहाशें ठिकाणांहून पाहत होतें. अळीनें एकास जिंकलें म्हणजे सर्वांस जिंकलें, आणि पाण्यानेंहि तसेंच.

“म्हणजे कलम करणेंच चूक?”

“चूक कसें? हापूस कलमाशिवाय टिकला असता का? पण हापुसाची बाग करणारा माणूस रोज झाडापाशीं असतो, औषध मारतो. तुम्हीं एकच झाड सहाशें वेळां लाविलें आणि पंचवीस वर्षांकरितां देवावर सोडून दिलें.”

यावर उत्तर नव्हतें. मीं लांकूड पुढें सरकविलें.

साग निसर्गतः उगवतो तो जगांत चारच देशांत: भारत, ब्रह्मदेश, सयाम आणि लाओस. आनुवंशिक द्रव्य वाचून पाहिलें तेव्हां भारतांतील साग बाकीच्यांहून वेगळा गट करून उभे राहिले, आणि वैविध्य भारतांत अधिक, तर पूर्वेकडे लाओसच्या बाजूस कमी, असें आढळलें. हें ऐकून प्रथम मला देशाभिमान वाटला. पण वैविध्य हें वडिलोपार्जित असतें, तें जसें मिळतें तसेंच दोन पिढ्यांत घालविताहि येतें. मिश्र जंगल तोडून नुसत्या सागाच्या रांगा लावणें, तेंहि चार सोईच्या झाडांचें बीं घेऊन, हा त्याचा सोपा मार्ग. मीं दीड एकरांत जें केलें तें मोठ्या प्रमाणावर करतां येतें.

परत येतांना चंद्रपूरजवळ लोहारा येथें मुद्दाम थांबलों. तेथें सागाची राष्ट्रीय जननद्रव्य-पेढी आहे. देशभरांतील निवडक सागांचीं कलमें तेथें लावून ठेविलीं आहेत. तेथेंहि कलमेंच, पण येथें एकाच झाडाचे अवतार नाहींत. एका रांगेंत एका प्रांताचा पाहुणा, दुसरींत दुसऱ्या. निरनिराळ्या प्रांतांच्या सागांची फुलण्याची वेळहि एक नसते, हें तेथें कळलें. घरांतलें स्त्रीधन बँकेच्या पेटींत ठेवावें तसा हा प्रकार. आणि पेटींतले दागिने रोज वापरलेल्या दागिन्यांइतके कोणाच्या अंगवळणीं पडत नाहींत, हेंहि तितकेंच खरें.

घरीं आल्यावर मीं दादांपुढें विषय काढला. एकूणतीस वर्षांपूर्वीं विचारलेला प्रश्न त्यांना आठवत होता. मुक्तेनें सांगून ठेविलें होतें: दीड एकर पुन्हां लावावयाची तर दूरच्या जंगलांतून बीं आणूं नये, आपल्या हवेंत-मातींत तगलेल्या जुन्या झाडांचें घ्यावें, आणि एका झाडाखालीं पोतें भरूं नये, वीस-पंचवीस झाडांचें, अंतरा-अंतरावरच्या, थोडें थोडें घ्यावें. आमच्या बांधावर नऊ होतीं. आसपासच्या गांवांतलीं आठ-दहा दादांनीं बसल्या जागीं मोजून दाखविलीं. कोणाच्या विहिरीजवळ, कोणाच्या गोठ्यामागें. मग ते थांबले.

“नानाकडचीं नऊ राहिलीं,” ते म्हणाले.

नाना म्हणजे चुलतभाऊ. त्यांच्या उंबऱ्यावर आमच्यापैकीं कोणी चढून कित्येक वर्षें झालीं होतीं. लग्नकार्यांच्या पत्रिका पोस्टानें जात. मी म्हटलें, “तीं नसलीं तरी चालेल. तींहि आजोबांच्या त्याच पिशवींतलीं.”

“त्याच पिशवींतलीं, पण त्याच झाडाचीं कशावरून? पाणी त्यांच्याकडेहि साचलें होतें. त्यांचें एकहि गेलें नाहीं.” हें दादांनीं केव्हां मोजलें होतें कोण जाणे.

माघ संपतां संपतां एका सकाळीं ते काठी घेऊन एकटेच निघाले. मी बरोबर येतों म्हटलें तर “तूं नको,” म्हणाले. दुपार झाली, जेवणें खोळंबलीं, वहिनींनीं दोनदां दारांत जाऊन पाहिलें. तीनच्या सुमारास दादा आले. हातांत कापडी पिशव्या होत्या, नऊ. प्रत्येकीस सुतळीनें चिंधी बांधलेली आणि चिंधीवर नानांच्या अक्षरांत झाडाची खूण लिहिलेली. नानांनाहि ती नऊ झाडें एकेक करून ओळखतां येत होतीं. दादा तेथें जेवून आले होते. काय बोलणें झालें तें त्यांनीं सांगितलें नाहीं. “निम्मीं रोपें त्यांना द्यावयाचीं ठरलें आहे,” एवढेंच सांगून ते हातपाय धुवावयास गेले.

सागाचें फळ कठीण. निलांबूरला १८४० नंतर देशांतली पहिली सागाची लागवड झाली तेव्हां चातु मेनन यांनाहि हें बीं उगविण्याकरितां पुष्कळ खटाटोप करावा लागला होता. आम्हीं रात्रीं भिजवावें, दिवसा उन्हांत पसरावें, असें दोन आठवडे केलें. पिशव्या मिसळूं दिल्या नाहींत. प्रत्येक झाडाचा वाफा वेगळा, वर पाटी. वैशाखांत पेरणी केली. आषाढापर्यंत उगवण चाललीच होती. एका वाफ्यांत भराभर, एकांत तुरळक, एकांत महिनाभर कांहींच नाहीं आणि मग एकदम सतरा. पुढच्या वर्षीं अंगठ्याएवढीं जाड झालीं म्हणजे वरचा भाग छाटून, मूळ वीतभर ठेवून, जड्या करावयाच्या आणि शेतांत मिसळून लावावयाच्या.

वहिनी परवां वाफे पाहावयास आल्या. कोणतें रोप टीचभर, कोणतें गुडघ्याएवढें, कोणाचीं पानें रुंद, कोणाचीं निमुळतीं. “हें काय बाई, एकाला एक जुळत नाहीं,” त्या म्हणाल्या. दादा हंसले, पत्रे घातल्यापासून या विषयावर मीं त्यांना हंसतांना पाहिलें तें प्रथमच.

एकंदर चारशें अकरा रोपें आहेत. निम्मीं नानांकडे जावयाचीं. विहिरीजवळच्या त्या हिरव्या राहणाऱ्या सागाच्या रोपांतलीं त्यांना किती द्यावीं, याबद्दल सध्यां दादांचा आणि माझा वाद चालू आहे.